काचेवरचे तीन देश

लोथार विन्क्लरने फक्त एवढंच ठरवलं होतं, की टोलचे तिन्ही स्टिकर सीमेवर न चिकटवता घरीच चिकटवायचे. आता माणसाने आपल्या दारात, आपल्या गाडीच्या काचेवर, आपल्या हाताने तीन स्टिकर चिकटवू नयेत असा काही जर्मनीतल्या पिर्ना गावात कायदा नाही. पण निदान लोथारपुरता तो करायला हवा होता.

झालं असं, की शनिवारी दुपारी चार वाजता क्रोएशियातल्या शिबेनिक गावी त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, पेगीचं लग्न होतं. रोसविथा, म्हणजे लोथारची बायको, विमानात बसत नसे. (एकदाच बसली होती. ती उतरल्यावर विमानानेच सुटकेचा श्वास सोडला, असं लोथार सांगतो. ती घरात नसताना.) म्हणून गाडीने जायचं. अकराशे किलोमीटर, आणि वाटेत झेक, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया. या तिघांच्या महामार्गावर पाऊल टाकायचं तर ज्याचा त्याचा स्टिकर काचेवर लागतो. बाकी जग तो सीमेजवळच्या पेट्रोल पंपावर घेतं, कसाबसा थापतं आणि चालू लागतं. लोथारचं बाकी जगाशी कधी पटलंच नाही.

चौतीस वर्षं भूमापन कार्यालयात काढलेला माणूस तो. प्रवासाची फाइलच त्याने केली होती. कुठे थांबायचं, किती मिनिटं थांबायचं, कोणाला तहान कुठे लागेल, सगळं त्यात होतं.

"मला बेनेशोवला तहान लागणार, हे तुला कुणी सांगितलं?" रोसविथाने विचारलं होतं.

"नकाशाने!" लोथार ओरडला. तो साधं उत्तर देतानाही ओरडत असे. प्रश्न विचारला गेला याचाच त्याला राग यायचा.

बुधवारी पहाटे निघायचं होतं. रोसविथाने लग्नासाठी शिवून घेतलेला निळा ड्रेस रविवारपासूनच गाडीच्या मागच्या हुकाला टांगून ठेवला होता. सोमवारी संध्याकाळी लोथारने स्पिरिटने काच पुसली, पट्टी लावली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि तासाभरात तीन देश एका रेषेत आणून बसवले. हे इतिहासात कुणाला जमलं नव्हतं. मग त्याने बायकोला बोलावलं.

रोसविथाने हात पुसत पुसत पाहिलं. "छान. मधला जरा वाकडा आहे."

"ऑस्ट्रिया? वाकडा?"

"जरासा रे. कोपराही सुटलाय."

"कोपरा सुटलेला नाही! मी मोजलाय!"

"बरं, नाही सुटला. पण त्या डागाचं काय? फेब्रुवारीपासून सांगतेय."

हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या खडीतला एक खडा उडून काचेला लागला होता. त्याचा मोहरीएवढा डाग होता. फेब्रुवारीपासून ती 'भरून घे' म्हणत होती आणि फेब्रुवारीपासून तो 'राईचा पर्वत करू नकोस' म्हणत होता.

"हे बघ!" लोथार गरजला. "कुठे सुटलाय कोपरा? हा बघ, बसला!" आणि त्याने ऑस्ट्रियावर मूठ आपटली.

चर्रर्र.

डागापासून निघालेली रेघ सावकाश, अगदी मोजणीला आल्यासारखी, झेकमधून ऑस्ट्रियात, ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियात गेली आणि काचेच्या पलीकडच्या टोकाला थांबली. आखलेल्या मार्गाने प्रवास करणारी त्या घरातली ती पहिलीच.

"आता बसला," रोसविथा म्हणाली आणि आत निघून गेली.

मंगळवारी दुपारी काचवाल्या कंपनीच्या हानुशबाई नवी काच घेऊन आल्या. पन्नाशीच्या, दणकट आणि घाईत.

"काच बदला, पण स्टिकर सोडवून द्या," लोथारने फर्मावलं.

"ते निघत नाहीत, विन्क्लरसाहेब. ओढले की फाटतात. कुणी दुसऱ्या गाडीला लावू नये म्हणून मुद्दाम तसेच करतात."

"माझी दुसरी गाडी नाहीये!"

"ते स्टिकरला कुठे माहीत?"

"मग मी काढतो!" म्हणत लोथार पातं घेऊन पुढे सरसावला. वीस मिनिटांनी त्याच्या हातात स्लोव्हेनियाचा निम्मा, झेकचा पाव आणि ऑस्ट्रियाच्या जागी अंगठ्यातून आलेलं रक्त होतं.

"चिंध्या जपून ठेवा," हानुशबाई पट्टी बांधत म्हणाल्या. "चिंध्या आणि काचेचं बिल पाठवलं तर बदली स्टिकर मिळू शकतात. महिनाभरात."

"महिनाभरात पेगीला मूल होईल!"

"तसं असेल तर अभिनंदन," बाई म्हणाल्या आणि नवी, स्वच्छ, कोरी काच बसवून निघून गेल्या.

"सीमेवर नवे घेऊ," रोसविथा म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

झालं! लोथारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकाच देशाला दोनदा? कधीच नाही! मी स्टिकर लावले होते. सरळ लावले होते! हा तत्त्वाचा प्रश्न आहे!" त्याने फाइल उघडली, महामार्गांवर एकामागून एक लाल काट मारली आणि खेड्यापाड्यांतून जाणारा, एकही स्टिकर न लागणारा मार्ग तासाभरात आखून काढला. "हे बघ! कुणाच्या बापाचं देणं नाही!"

"पोचणार कधी?"

लोथारने बेरीज केली. पुन्हा केली. मग जरा हळू म्हणाला, "रविवारी."

रोसविथा गाडीकडे गेली, निळा ड्रेस हुकावरून काढला आणि हातावर टाकून घरात आली.

ती ओरडली असती तर लोथारने शंभर उत्तरं दिली असती. त्या ड्रेसला मात्र त्याच्या फाइलमध्ये उत्तर नव्हतं. त्याला एकदम दिसलं, की शिबेनिकच्या चर्चच्या दारात पेगी उभी आहे आणि रस्त्याकडे बघते आहे. तो बांधलेल्या अंगठ्याकडे बघत खुर्चीत बसला. "रोसी," तो म्हणाला, "सीमेवर... म्हणजे... तू घेशील का? मी गाडीतच बसतो. तिकडे बघणार नाही."

रोसविथाने पर्स उघडली आणि एक लिफाफा टेबलावर ठेवला. आत तीन कोरे स्टिकर होते. झेक, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया.

"हे कधी घेतलेस?"

"तू घेतलेस त्याच दिवशी."

"म्हणजे दोनदा...?"

"तू एकदाच घेतलेस, मी एकदाच घेतले. तुझं तत्त्व शाबूत आहे. एकतीस वर्षं संसार केलाय रे तुझ्याशी. हात लावू नकोस! सीमेवर मी चिकटवीन. वाकडे."

लोथारचे डोळे भरून आले. एकतीस वर्षांत इतका विश्वास त्याच्यावर कुणी दाखवला नव्हता. लिफाफा बंद करताना त्याच्या बोटांना आणखी एक कागद लागला. त्याने तो उलगडला. शिबेनिकपर्यंतचं रेल्वे आणि बसचं तिकीट होतं. उद्याचं. एकाच माणसाचं, खिडकीजवळचं.

"आणि हे?"

"ते होय?" रोसविथा ड्रेसवरची सुरकुती सारखी करत म्हणाली. "नव्या काचेवरही हात आपटला असतास तर म्हणून."