निळी, पिवळी आणि फ्रिज

वस्तू निवडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. लोकांची स्वयंपाकघरं आखून देणं हा माझा धंदाच आहे. ओट्याचा कोपरा तुमच्या पोटात घुसत असेल, तर तो ओटा मी आखलेला नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो. त्यामुळे शिडाची बोट घ्यायची ठरल्यावर मी घरात जाहीर केलं, निवडीची काळजी कुणी करू नये. कुणी करतही नव्हतं.

बोट कशी हवी हे डोक्यात पक्कं होतं. लहान, सुसाट आणि दोघांत चालणारी. शीड ओढायला पैलवानांची फौज लागते तसली नको. मी आणि बायको, बस्स. खाली शिशाचा जड कणा हवा, म्हणजे वाऱ्याने कितीही कलंडवलं तरी बोट डुलणाऱ्या बाहुलीसारखी परत उभी.

"माझी एकच अट," बायको म्हणाली. ती भूलतज्ज्ञ आहे. रोज धडधाकट बोलणारी माणसं गप्प करते, त्यामुळे तिच्या अटींना घरात वजन असतं. "एक जण पाण्यात पडला, तर दुसऱ्याला एकट्याने बोट वळवून त्याला परत आणता आलं पाहिजे. ज्या बोटीत हे जमेल ती घ्यायची. कुठल्याच बोटीत नाही जमलं, तर बोट नाही."

"पण पडतंय कोण?"

"झोपवणं कुणालाही जमतं रे. मला पगार परत आणण्याचा मिळतो."

तळ्याकाठच्या बोटवाल्याकडे दोन बोटी होत्या. त्याला सगळे कप्तान म्हणत. कशाचा ते कुणी विचारत नसे. निळी बोट अरुंद, इस्त्री केल्यासारखी. पिवळी ऐसपैस, आत झोपायची खोली आणि चक्क संडास. बाबा आमच्याबरोबर आले होते. आयुष्यभर लिफ्ट तपासून निवृत्त झालेले असल्यामुळे ते कुठेही शिरले की आधी छत ठोकून बघतात. त्यांनी पिवळीचं छत ठोकलं, संडासाचं दार दोनदा लावून बघितलं आणि म्हणाले, "विषय संपला."

"बाबा, आपल्याला वेग हवाय."

"माझ्या वयात वेग कशासाठी लागतो, सांगू?"

सांगू नका म्हटलं.

कागदावर माणसाला काही कळत नाही, हा माझ्या धंद्यातला अनुभव. म्हणून मी गिऱ्हाइकाच्या घरी जमिनीवर चिकटपट्टी लावतो. इथे ओटा, इथे कपाट, आता चालून बघा. तेच मी घरी केलं. दोन्ही बोटी खऱ्या मापात, निळी निळ्या पट्टीने, पिवळी पिवळ्या. अडचण एवढीच झाली की बोटी हॉलपेक्षा लांब निघाल्या. मागची टोकं दारातून जिन्यापर्यंत गेली. पुढचं टोक, म्हणजे नाळ, निळीच्या बाबतीत थेट स्वयंपाकघरात शिरून फ्रिजला टेकली. पिवळीने तर सोफा, टीव्ही आणि आईबाबांचा अर्धा पलंग गिळला. पलंगाचा तो अर्धा भाग बाबांचा होता. त्यांनी त्याच क्षणी तो आपली केबिन म्हणून जाहीर केला.

"अगं, पट्टीबाहेर पाऊल टाकलंस," ते आईला म्हणाले. "पाण्यात पडलीस."

"मी लग्न झाल्यापासून पाण्यातच आहे," आई म्हणाली आणि कपड्यांची बादली घेऊन दोन्ही बोटींना आडवी गेली.

मग सराव सुरू झाला. शिडीची डोलकाठी, तिला आडवा बांधलेला पडद्याचा दांडा, त्यावर चादर. हे मोठं शीड. पुढचं छोटं शीड म्हणजे उशीचे अभ्रे जोडून केलेला त्रिकोण, त्याचं टोक फ्रिजच्या मुठीला. वाऱ्यासाठी दोन टेबलफॅन. बायको फरशी पुसायच्या दांड्याचं सुकाणू धरून दाराशी बसायची. अंगात लाइफजॅकेटं, कारण सराव म्हणजे सराव. ती ओरडायची, "वळतेय!" की मी दोरी सोडायची, वरून फिरणाऱ्या दांड्याखालून वाकून पलीकडे जायचं, तिकडची दोरी ओढायची आणि पळत पुढे जाऊन मुठीत अडकलेले अभ्रे सोडवायचे.

आता फ्रिजपर्यंत गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येईल का? मी दार उघडून काहीतरी तोंडात टाकायचो. गाजर, चीजचा तुकडा, एकदा लोणी. पंधरा दिवसांत माझी हालचाल इतकी सफाईदार झाली की बायकोने "वळतेय" म्हटलं की माझ्या तोंडाला आपोआप पाणी सुटायचं.

"इतके दिवस बोट चालवतोय आणि पोट सुटतंय याचं," आई म्हणाली. "कसला व्यायाम हा?"

बुधवारी कप्तान स्वतः घरी आले. दार सताड उघडं होतं, कारण तिथे निळीची मागची बाजू होती. ते आत शिरले आणि बायको म्हणाली, "वळतेय!" मी वाकलो. कप्तान वाकले नाहीत. पडद्याचा दांडा त्यांच्या कपाळावर बसला आणि ते बरोब्बर पिवळीच्या संडासात बसले.

बायकोने फरशीचा दांडा टाकला, त्यांची नाडी धरली. "तोंड उघडा. श्वास घ्या. आज वार कोणता?"

"रविवार," कप्तान म्हणाले.

"ठरलं तर," बाबा केबिनमधून म्हणाले. "रविवारी येतो आम्ही चाचणीला."

कप्तानांना नाही म्हणायची संधी मिळाली नाही. शुद्ध पूर्ण आल्यावर ते एवढंच म्हणाले, की निळीला दुसरं गिऱ्हाईक आहे, रविवारी हो की नाही सांगायचं, नंतर नाही.

घरात एकच गोष्ट तपासता आली नव्हती. पडलेल्याला परत आणणं. त्यासाठी घर वळवावं लागलं असतं.

रविवारी आधी पिवळी. बाबांनी संडासात जाऊन आतून कडी लावली आणि "उत्तम" असा आवाज दिला. वारा चांगला होता, पण तो पिवळीला पटत नव्हता. एक बदक आमच्या बाजूने पोहत आलं, थोडा वेळ सोबत राहिलं आणि कंटाळून पुढे गेलं. बायकोने कप्तानांची बसायची उशी पाण्यात टाकली. हा आमचा पडलेला माणूस. मी हात बांधून बसायचं, तिने एकटीने त्याला परत आणायचं. तिने सुकाणू फिरवलं. पिवळी विचार करू लागली. ती वळेपर्यंत उशीने पाणी पिऊन पिऊन प्राण सोडले.

"पेशंट गेला," बायको म्हणाली. "पिवळी बाद."

बाबा बाहेर येईपर्यंत आम्ही काठाला लागलो होतो.

मग निळी. काय सांगू! शीड भरताच ती अशी सुटली की माझी टोपी जागच्या जागी राहिली आणि आम्ही पुढे गेलो. बायको हसत होती. ऑपरेशन थिएटरमधली माणसं हसतात हे मला विसरायला झालं होतं. दोरीला जरा हात लावला की बोट ऐकायची. काठावर आईबाबा बोटाएवढे दिसत होते.

"आता उशी टाक," मी म्हणालो.

"उशी बुडाली. एकच होती."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. लाइफजॅकेटं काढायला कप्तानांनी बंदी केली होती, दुसरं टाकण्यासारखं काही नव्हतं.

"अगं, दिसतंय ना किती छान वळते."

"दिसण्यावर मी कुणाला सोडत नाही," ती म्हणाली. "चाचणी नाही तर बोट नाही. अट म्हणजे अट. काठावर जाऊ या. वळतेय!"

एवढी सुंदर बोट हातची जाणार म्हणून मन जड झालं होतं, पण अंगाला सराव होता. दोरी सोडली. वाकलो. पलीकडची दोरी ओढली. पळत पुढे गेलो, डोलकाठीला अडकलेलं छोटं शीड सोडवलं, आणखी एक पाऊल टाकलं आणि उजवा हात मुठीकडे नेला.

मूठ नव्हती. फ्रिजही नव्हता. तळं होतं.

वर आलो तेव्हा निळी लांब गेलेली. मला वाटलं, आता मीही उशीच्या वाटेने जाणार. तेवढ्यात ती एका वर्तुळात वळली, शीड सैल पडलं, वेग विरघळला आणि बोट माझ्याशेजारी येऊन अशी थांबली जशी रिक्षा थांबते. बायकोने जॅकेटचा पट्टा धरून मला वर ओढलं.

"तोंड उघड. श्वास घे. आज वार कोणता?"

"रविवार."

"निळी पास," ती म्हणाली.

काठावर बाबांनी मला मिठी मारली, ओला असूनही. "माझा मुलगा," ते कप्तानांना सांगत होते, "बोट हातची जाऊ नये म्हणून स्वतः उडी मारली पठ्ठ्याने." मी नम्रपणे खाली बघितलं. अशा वेळी जास्त बोलू नये.

"उडी मारली खरी," आई म्हणाली. "पण पडताना हात पुढे करून काय उघडत होता?"

"फ्रिज," बायको म्हणाली.

निळी आता आमची आहे. दोघांत झकास चालते. तिच्या नाळेवर बायकोने निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलाय आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'इथे काही खायला नाही.'