दोन वेष्टणांची वायर

मागच्या रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मला आमच्या घराची किल्ली मिळाली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी. ही घटना घडलेली नाही असं समजून वाचकांनी पुढे वाचावं. बाबांनी तसं कळवलं आहे, आणि घरातलं दफ्तर त्यांच्याकडे असतं.

आमच्या घराच्या किल्ल्या तीन. एक बाबांच्या खिशात, एक आईच्या पर्समध्ये आणि तिसरी, जिच्या आधीच्या चार बहिणी मी हरवल्या, ती बाबांच्या कपाटात. बाबा वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. तीस वर्षं लोकांचे तराजू तपासलेल्या माणसाने पोटच्या पोराला सवलत द्यावी ही अपेक्षाच चूक. त्यामुळे मी बाहेरून आलो की बेल वाजवतो, आणि घरात कोणी नसेल तर जिन्यात बसतो. माझी पायरी ठरलेली आहे. झाडणारी मावशी ती वगळून झाडते.

इमारतीत एकेक करत सगळ्यांनी दारावर कॅमेरे बसवले. कोणाचं काही चोरीला गेलं म्हणून नव्हे, शेजाऱ्याने बसवला म्हणून. शेवटी आमचं एकच दार बोडकं राहिलं, तेव्हा आई म्हणाली, "आपल्याकडे नेण्यासारखं काही नाही, हे आता जिना चढणाऱ्या प्रत्येकाला कळतंय." बाब अब्रूवर आल्यामुळे बाबांनी तातडीने कॅमेरा निवडण्याचं काम माझ्याकडे सोपवलं. अट तोंडी होती पण स्पष्ट होती: कॅमेरा नीट बसला आणि पुढचे दहा दिवस चोरी झाली नाही, तर किल्ली.

मी घरी बसून यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं तपासण्याचं काम करतो. "झाकण लावल्याशिवाय मिक्सर सुरू करू नये" हे वाक्य मी आजवर सतरा वेळा दुरुस्त केलं आहे. तेव्हा या विषयातला अधिकारी माणूस मीच होतो, निदान आमच्या मजल्यावर. मी एकोणीस दिवस अभ्यास केला. समोर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा कॅमेरा वायफायवर चालतो. इमारतीत वायफाय छत्तीस, ते सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि त्यात बाईंचा मायक्रोवेव्ह. दूधवाला दूध देतो, बाई लगेच ते मायक्रोवेव्हमध्ये तापायला ठेवतात आणि कॅमेऱ्यातलं चित्र थिजतं. त्यांच्या रेकॉर्डिंगनुसार मंगळवारी आलेला दूधवाला अजून गेलेला नाही. बुधवारी आणखी एक आला.

मी चार पानी अहवाल सादर केला. निष्कर्ष असा की, बिनतारी कॅमेऱ्याचा काही भरवसा नाही, वायरचा कॅमेरा मात्र कोणाच्या बापाला ऐकत नाही. शेवटचे चार शब्द बाबांनी खोडले आणि बाकीचं मंजूर केलं. शिवाय वायर साधी नको, दोन वेष्टणांची हवी, म्हणजे बाहेरची एकही लहर आत शिरणार नाही, अशी शिफारस मी चौथ्या पानावर अधोरेखित केली होती.

वायर आली. अंगठ्याएवढी जाड होती. वायरमनने ती हातात घेऊन तोलली आणि म्हणाला, "दादा, ही कारखान्यात टाकतात, मोठ्या मोटारींच्या शेजारून न्यायला. घराला साधी पुरते." मी त्याला माहितीपत्रकाचं सहावं पान मोठ्याने वाचून दाखवलं. तो गप्प झाला. पुराव्यापुढे अडाणी माणसं गप्प होतात, अशी तेव्हा माझी समजूत होती.

कॅमेरा दाराबाहेर, रेकॉर्डिंगचा डबा दाराआत. मधे भिंत. भोक पाडण्याआधी मी रीतसर सेक्रेटरीकाकांना विचारलं. त्यांनी नियमावली काढली. भिंत आतून आमची आणि बाहेरून सोसायटीची निघाली. आतलं भोक आम्ही खुशाल पाडावं, बाहेरचं अर्धं वार्षिक सभेत मांडावं लागेल, आणि सभा गेल्या महिन्यातच झाली. सागवानी दाराला भोक पाडण्याचा पर्यायी प्रस्ताव बाबांनी न वाचता फेटाळला. राहिली ती दार आणि चौकट यांच्यामधली फट. साधी वायर या फटीतून सहज गेली असती, असं वायरमन कोणाकडेही न बघता म्हणाला.

माझीही गेली. फक्त मग दार लागेना. जोर लावून लोटलं की वायर चेपायची आणि चित्र जायचं.

"दार उघडं असलं तर कॅमेरा चालेल," वायरमनने हत्यारं पिशवीत भरत खुलासा केला. "दार लावलं तर बंद पडेल. काय पाहिजे ते सांगा, मला पुढे दोन घरं आहेत."

वायर बदलणं हा एक मार्ग होता, हे मी नाकारत नाही. पण वायर बदलली की चौथं पान खोटं पडतं, आणि खोट्या अहवालावर किल्ली मिळत नाही. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "कॅमेरा बंद पडता कामा नये."

उघड्या दाराला माणूस लागतो, हे ओघानेच आलं. घरी बसून काम करणारा मी एकटाच, हेही आलं. उंबरठ्यावर खुर्ची टाकण्यात आली. चित्र इतकं स्वच्छ यायचं की माझ्या कानावरचे केससुद्धा मोजता यावेत. एकाही लहरीची आत शिरायची छाती झाली नाही. मी मान खाजवली की बाबांच्या मोबाइलवर सूचना जायची, "दारात संशयित व्यक्ती." मग आतल्या खोलीतून आवाज यायचा, "हलू नकोस रे."

दहा दिवसांत चोरी झाली नाही. श्रेय कॅमेऱ्याला गेलं. सेक्रेटरीकाका पाहणी करून गेले आणि संध्याकाळी सूचनाफलकावर लागलं की, चौथ्या मजल्यावर सुरक्षितता शंभर टक्के झाली असून सर्व सभासदांनी हीच पद्धत, उघडं दार व माणूस यांसह, अवलंबावी. आठवड्याभरात घरोघरी अंगठ्याएवढ्या वायरी आल्या. आता बाई समोर खुर्ची टाकून बसतात आणि अधूनमधून मला म्हणतात, "पाठ सरळ."

मग तो रविवार. बाबांनी कपाट उघडलं, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि चक्क हात मिळवला. मी खुर्चीवरून उठलो.

"कुठे निघालास?"

"खाली जाऊन येतो. दार ओढून घेतो, आल्यावर माझं मी उघडीन."

"दार ओढलंस की कॅमेरा बंद."

"पाच मिनिटं, बाबा."

"त्या पाच मिनिटांत कोणी शिरलं तर? रेकॉर्डिंग कुठून आणायचं?"

"पण दार बंद असेल ना."

बाबांनी विचार केला. त्यांनी तो प्रामाणिकपणे केला, हे मला मान्य आहे. "दार बंद होतं," ते म्हणाले, "याला पुरावा काय?"

मी खाली बसलो. जो माणूस बाहेर जाऊ शकत नाही त्याला किल्लीचं प्रयोजन नाही, हे पुढे त्यांनीच सांगितलं, आणि तेही खरं होतं. दहा पंचवीसला किल्ली कपाटात परत जमा झाली. वहीत नोंद आहे: वाटप झालेले नाही.

सबब, या लेखाद्वारे वाचकांना विनम्र विनंती करण्यात येते की, ज्यांच्या दारावर कॅमेरा आहे आणि त्यामुळे ज्यांना घराची काळजी उरलेली नाही, अशा कोणीही एकाने फक्त दहा मिनिटांसाठी येऊन माझ्या खुर्चीवर बसावे. येताना आपल्या घराचे दार सताड उघडे ठेवून यावे, कॅमेरा बघून घेईल. अर्ज प्रत्यक्ष आणून द्यावेत. मी दारातच आहे.