सात पाट्या आणि एक करपलेलं बूड

"'विश्वविख्यात' मोठ्या अक्षरात. त्याखाली 'अचूक'. त्याखाली 'निर्भय'. मग लिही: ज्याच्या नजरेपुढे भिंती काचेच्या होतात, ज्याची चाहूल लागताच गुन्हेगाराची सावलीसुद्धा अंग चोरते, असा एकमेव खासगी गुप्तहेर."

"पाटी तीन फुटांची आहे, भाऊजी."

"मग सावली बारीक अक्षरात लिही."

पेंटरने निमूटपणे सावली बारीक केली. मोठ्या बहिणीचा नवरा; त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. हा एकमेव गुप्तहेर निवृत्त होईपर्यंत बसस्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे बसत असे. तीस वर्षांत त्याने स्वतःहून एकही वस्तू शोधली नव्हती. लोक यायचे, आपली छत्री ओळखायचे आणि घेऊन जायचे. पण मागल्या वर्षी ताईने वाढदिवसाला त्याला एक दुर्बीण दिली आणि तिथून घराची शांतता गेली. गल्ली त्याला आता दुर्बीण याच नावाने ओळखते. समोर कुणी म्हणत नाही, पण समोर नसतो तेव्हा सगळेच म्हणतात.

पेंटरला शिडी, ब्रश आणि डबे होते, म्हणजे लपून बसायला निमित्त होतं. त्यामुळे दुर्बिणीने त्याला सहायक नेमलं. विचारलं नाही, नेमलं.

'निर्भय'मधला र अजून ओला होता, तोच 'आईच्या हातचं' या हॉटेलच्या मालकीणबाई धापा टाकत दारात आल्या.

"चोरी झालीय! माझ्या रस्स्याची चोरी!"

"किती लिटर?" दुर्बिणीने वही उघडली.

"रस्सा जागेवर आहे हो. चव चोरलीय. काल बहिणीच्या वाढदिवसाला 'सातासमुद्रापार'मध्ये गेलो. म्हटलं, परदेशी खाऊन बघावं. पहिला घास घेतला, तर माझाच रस्सा! तोच भाजलेला कांदा, तोच लसणीचा शेवटी येणारा चटका. वर एक पान ठेवलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं, तेवढंच काय ते परदेशी."

दुर्बिणीने डोळे बारीक केले. "पानाचा रंग?"

"हिरवा."

"हं," तो म्हणाला आणि हे वहीत लिहून घेतलं.

ती हॉटेलांची गल्ली पेंटरच्या हाताखालून गेलेली होती. तिथली सातही हॉटेलं, सातही पाट्या त्याच्याच. शहरभरातून लोक या गल्लीत यायचे, एका टोकाला उभे राहून हात कमरेवर ठेवायचे आणि म्हणायचे, 'आज कुठल्या मुलखाचं खायचं?' जणू पासपोर्ट खिशातच आहे. 'डोंगरकडा'च्या मालकाला दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. 'दर्याकाठ'चा मालक पाण्याला इतका भ्यायचा की आंघोळसुद्धा तांब्याने, लांबून करायचा. 'वाळूचा महाल'मधली वाळू शेजारच्या इमारतीच्या बांधकामातून उरलेली होती. 'मुळांकडे'मध्ये सगळं मातीच्या वाडग्यात मिळायचं आणि मातीसारखंच लागायचं. 'शाही मुदपाक'मध्ये खुर्च्यांना मखमल होती आणि मखमलीला डाग होते. 'सातासमुद्रापार'चा आचारी दोन थांबे पलीकडे राहायचा. आणि 'आईच्या हातचं'च्या मालकीणबाईंना पाणी उकळलं की नाही हे दुसऱ्याला विचारावं लागायचं.

'आईच्या हातचं'च्या पाटीवर तळाशी एक ओळ होती: बावीस वर्षं एकच हात. तो हात आचाऱ्याचा होता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. पेंटर गल्लीत कामाला असला की आचारी मागच्या दारातून न विचारता ताटली पुढे करायचा. ती ओळ पेंटरने पाटीवर सगळ्यात जपून काढली होती.

मंगळवारी दुपारी तपास सुरू झाला. दुर्बिणीने सातही हॉटेलांत रस्सा मागवला आणि सातही ठिकाणी तो डोळे मिटून जिभेवर घोळवला. तिसऱ्या हॉटेलात त्याने पट्टा एक भोक सैल केला, पाचव्यात दोन. सातव्यात तो नुसता हुंगत बसला.

"एकच," तो शेवटी म्हणाला. "सातही ठिकाणी एकच चव. आणि परवाच्या रविवारी पेपरातल्या त्या खाद्यसमीक्षकाने काय लिहिलंय? 'या गल्लीत प्रत्येक उंबऱ्यागणिक मातीचा गंध बदलतो.' म्हणजे त्याला जीभ नाही, किंवा तो कटात आहे."

"किंवा तो न खाताच लिहितो," पेंटर म्हणाला.

"इतका नीच माणूस नसतो रे."

पहिला निष्कर्ष भुयाराचा निघाला. सातही स्वयंपाकघरांखालून एक भुयार जातं, असं ठरवून दुर्बिणीने 'वाळूचा महाल'ची फरशी चमच्याने ठोकून पाहिली. सहावी फरशी पोकळ वाजली. ती उचकटली तेव्हा खाली गटार होतं. मालकाने फरशी परत बसवून घेतली आणि दोघांना बाहेर बसवलं.

दुसरा निष्कर्ष मिशांचा होता. 'आईच्या हातचं'मध्ये रोज एक गृहस्थ येत, झुपकेदार मिशांचे, आणि जेवल्यावर मिशा कधीच पुसत नसत. "ओल्या मिशीत किमान दोन चमचे रस्सा मावतो," दुर्बीण कुजबुजला. "बाहेर जाऊन पिळला की नमुना तयार!" त्याने गृहस्थांचा पाठलाग केला. ते सरळ घरी गेले. तिथे बायकोने दारातच मिशा पुसल्या आणि रोजच्यासारखं बोलून घेतलं. त्यातलं बरंचसं दुर्बिणीने वहीत उतरवलं, पण पुरावा म्हणून वापरता येईल असं त्यात काही नव्हतं.

बुधवारी सकाळी मात्र घात झाला.

दुर्बीण आणि पेंटर मागच्या बोळात शिडीमागे दबा धरून होते. बोळ म्हणजे सात मागची दारं आणि मध्ये एक नळ. नळाशी भांडी घासणाऱ्या मावशी बसल्या होत्या. सातही हॉटेलांची भांडी त्यांच्याकडे यायची. घासता घासता त्या गुणगुणत होत्या:

सात माझी पातेली, मोज मोज ग सई
एकाचं बूड काळं, सहांना डाग नाही.

"गप्प बसवा हिला," दुर्बीण फुसफुसला. "विचारात खंड पडतो."

तेवढ्यात 'आईच्या हातचं'चं दार करकरलं. आचारी बाहेर आला. हातात झाकलेलं पातेलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, 'डोंगरकडा'च्या मागच्या दारावर दोन टिचक्या मारल्या, पातेलं आत दिलं, रिकाम्या हाताने परतला. मग दुसरं पातेलं, 'दर्याकाठ'ला. मग तिसरं.

पेंटरने मान फिरवली. दुर्बिणीच्या चेहऱ्यावर मात्र तीस वर्षं न सापडलेली छत्री आज सापडल्याचं तेज आलं.

"पाहिलंस? चोर चव वाटत सुटलाय!"

अर्ध्या तासात मालकीणबाईंना सगळं सांगून झालं. त्या आचाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "पातेली बाहेर नेलीस?"

"नेली."

"का?"

आचाऱ्याने हात एप्रनला पुसले. "ते नाही सांगता येणार, बाई."

"बावीस वर्षं मी तुला घरचा समजले."

"मीही, बाई."

"पाच वाजता तू निघायचं. आणि पेंटर, तुम्ही पाच वाजता ती पाटीवरची ओळ पुसायची. पांढरा रंग कालवून ठेवा."

पेंटरने रंग कालवला. हात चालत होता, मन चालत नव्हतं. चार वाजता तो डबा घेऊन मागच्या बोळात येऊन बसला. मालकीणबाईही तिथेच पायरीवर बसल्या होत्या, आचाऱ्याचा एप्रन मांडीवर घेऊन. घडी घालत होत्या, मोडत होत्या. आतून आचारी आपले चमचे कापडात गुंडाळत असल्याचा आवाज येत होता. दुर्बीण मधोमध फेऱ्या मारत प्रकरणाला नाव शोधत होता.

मावशींनी पातेलं आपटलं. "पेंटरदादा, हिरवा रंग आहे का थोडा? याचा ठिपका उडाला."

पातेली एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पेंटरनेच दोन वर्षांपूर्वी प्रत्येकाच्या कडेला उरलेल्या रंगाचा ठिपका लावून दिला होता. डोंगराला जांभळा, दर्याला निळा, आईला हिरवा, असे सात.

"हिरवं आज घासून घासून हात गेले," मावशी म्हणाल्या. "बाकी सहा नुसती विसळली."

"का हो?" पेंटरने विचारलं.

"का म्हणजे? आज हिरव्याची पाळी ना. रस्सा हिरव्यात शिजला, म्हणून बूड हिरव्याचं करपलं. काल निळ्याचं करपलं होतं. उद्या तांबड्याचं."

दुर्बीण थबकला. "कसली पाळी?"

मावशींनी त्याच्याकडे न्हाणीघराच्या जाळीत अडकलेल्या केसाकडे बघावं तसं पाहिलं. "अहो, सात चुलींवर सात आचारी रोज एकच रस्सा ढवळत बसायचे. एकदा 'डोंगरकडा'वाल्याचा करपला, त्याने इथल्या आचाऱ्याकडून भांडंभर नेला. कुणाला कळलं नाही. मग 'शाही'वाल्याच्या मुलाचं लग्न होतं, त्याने नेला. तेव्हा सातांनी ठरवलं, आठवड्याचे वार सात, आपणही सात. ज्याचा वार त्याने सगळ्यांचा रस्सा करायचा. वर कुणी पान ठेवतं, कुणी वाळूवर वाटी ठेवतं, कुणी मातीच्या वाडग्यात ओततं. दोन वर्षं झाली की या सोयीला."

एप्रनची घडी अर्धवट राहिली.

"सगळ्या गल्लीला ठाऊक होतं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"मागच्या गल्लीला. पुढच्या गल्लीत मालक असतात."

"मग याने मला का नाही सांगितलं?"

"त्याने सांगितलं असतं तर आणखी सहा जण गेले असते ना घरी. सातांनी एकमेकांना शब्द दिलाय. मला मात्र कुणी काही विचारलंच नव्हतं." त्यांनी दुर्बिणीकडे मान वळवली. "हे सकाळपासून बोळात बसलेत. म्हणाले, हिला गप्प बसवा."

मालकीणबाईंच्या डोक्यात काहीतरी फिरत होतं. बोटं एप्रनच्या नाडीवर वार मोजू लागली.

"पण शुक्रवारचा रस्सा," त्या हळूच म्हणाल्या, "शुक्रवारचा अगदी माझ्या आईसारखा लागतो. म्हणून मी दर शुक्रवारी इथे जेवते. डोळे भरून येतात माझे. शुक्रवार कुणाचा?"

मावशींनी पातेली चाळली, पिवळा ठिपका असलेलं वर काढलं. "पिवळा. 'सातासमुद्रापार'."

पेंटरने हसू गिळायला तोंडात ब्रशचं टोक धरलं. त्याची चव सातही रस्स्यांपेक्षा वेगळी होती, एवढं मात्र कबूल करायला हवं.

दाराशी आचारी उभा होता, काखेत चमच्यांची गुंडाळी. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या एप्रनकडे. गल्लीच्या पुढल्या बाजूने कुणीतरी ओरडत होतं, 'आज कुठल्या मुलखाचं खायचं?' आणि सोबतचे मोठ्याने हसत होते.

"तुझा वार बुधवार," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"बुधवारी मी कधीच तक्रार केली नाही."

"नाही, बाई."

"मग लाग कामाला. संध्याकाळची गिऱ्हाइकं येतील." त्यांनी एप्रन त्याच्या चेहऱ्यावर फेकला, पण प्रेमाने. मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "यातला एक शब्द पुढच्या गल्लीत गेला तर बघा. आणि ह्या शुक्रवारी मी मागच्या दारात बसून जेवणार. त्या पिवळ्याला सांगा, चटका थोडा वाढव."

दुर्बिणीने वही उघडली. त्याचा आवाज जराही कापला नाही. "म्हणजे मी सांगितलं तसंच झालं. एक चोर नाही, सात! एका दिवसात सात गुन्हेगार उघडे! पाटीवर लिही, पेंटर: एका झटक्यात सात."

"जागा नाही, भाऊजी."

"मग सावली काढ."

पेंटर भाऊजींच्या पाटीपाशी शिडीवर चढला. कालवलेला पांढरा रंग डब्यात तसाच होता. ठेवला असता तर सकाळपर्यंत कडक झाला असता. 'आईच्या हातचं'ची ओळ शाबूत होती, तिथे तो लागणार नव्हता. त्याने सावलीला हात लावला नाही. ब्रश बुडवला आणि 'अचूक'वरून एक शांत, सरळ, जाड पट्टा ओढला.

"काय पुसतोयस रे?" दुर्बीण खालून ओरडला. त्याने दुर्बीण डोळ्याला लावली होती, पण उलटी.

"काही नाही, भाऊजी," पेंटर शिडीवरून म्हणाला. "डाग होता."