नोव्हायचं द्वेषमुक्त मंडळ

२०२३ साली अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं आमचं मराठी मंडळ अधिकृतपणे द्वेषमुक्त ठरणार होतं.

वैदेही तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची. विद्यापीठात द्वेषाच्या कारणांवर पीएच.डी. करत होती. द्वेष करणारी माणसं तिला हवी तेवढी मिळाली. तुलनेसाठी न करणारी मिळेनात. असा एक गट उन्हाळ्याआधी सापडला नाही, तर तिचं फंडिंग बंद, आणि फंडिंग बंद म्हणजे व्हिसाही गेला.

"मावशी, असा एखादा ग्रुप माहितीये?"

"आमचं मंडळ आहे की," मी म्हटलं. सुरुवातीला आम्ही मोजकी कुटुंबं प्रल्हादच्या गराजमध्ये गणपती बसवायचो. घंटा नव्हती, तर आरतीला स्टीलच्या वाटीवर चमचा वाजायचा. भांडण कोणाचं झाल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

कार्यकारिणीने आनंदाने होकार दिला. मुलाखतीसाठी मात्र थोडीच माणसं हवी होती. तेव्हा सर्वांत निर्मळ मनाचे सभासद निवडण्यासाठी रीतसर निवडणूक घेण्याचं ठरलं. मंडळाचा अध्यक्ष रवींद्र उभा राहिला, उत्तराही उभी राहिली.

"उत्तरा निर्मळ?" रवींद्रचा फोन आला. "वहिनी, दिवाळीच्या पॉटलकला तिने आमच्या हिची बासुंदी टेबलाखाली सरकवली होती. मी तिला फर्गिव्ह केलंय. पण मतदारांना माहीत नको?"

उत्तराचं म्हणणं वेगळं होतं. "मी तर त्याला सगळ्यांसमोर माफ केलंय. त्यालाच विचारा, किती झोंबलं ते."

रवींद्र निवडून आला, उत्तरा पडली. तिने 'खरंखुरं द्वेषमुक्त मंडळ' काढलं आणि मंडळाच्या कार्यक्रमाच्याच शनिवारी वेगळा हॉल बुक केला.

घाबरून वैदेहीने दोन्ही मंडळांसाठी एकत्र वर्ग घेतला: द्वेष कसा उपजतो, कसा ओळखावा, कसा आवरावा. मधे रस्ता सोडून लोक दोन बाजूंना बसले आणि सारखी मान डोलावत राहिले. संपल्यावर उत्तरा तिच्याजवळ गेली.

"किती सुंदर शिकवलंस गं. रेकॉर्डिंग आहे? रवींद्रला पाठवते. अगदी त्याच्याबद्दलच होतं."

मागे रांगेत रवींद्र उभा होता. त्यालाही रेकॉर्डिंगच हवं होतं.

त्या संध्याकाळी वैदेही स्वयंपाकघरात रडवेली होऊन बसली. "मावशी, एक तरी माणूस सांगा."

"मी आहे ना."

तिने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. कोणाबद्दल मनात काही आहे का, असं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, आणि चहा गार होईपर्यंत ते 'काही नाही' तिला सविस्तर सांगितलं.

शेवटी तिने प्रबंधाचा विषय बदलला: 'द्वेषमुक्त समाजातील द्वेष'. प्रोफेसर खूश झाले. आता ती मिनेसोटात शिकवते, तिथल्या ईडन प्रेरी गावात घर घेतलंय. रवींद्र अजून अध्यक्ष आहे. उत्तराच्या मंडळाची दोन मंडळं झाली. प्रल्हाद सगळ्यांकडे जातो, म्हणून त्याच्याशी कोणीच बोलत नाही. माझी मुलाखत वैदेहीच्या वर्गात पहिल्याच दिवशी ऐकवतात, नाव न घेता.

मुलं पोट धरून हसतात म्हणे. तुम्हीही हसला असाल. आणि हे वाचता वाचता, हे अमक्याला वाचायला द्यायला हवं, असं मनात आलं असेल, तर वैदेहीला फोन करा. त्या अमक्याचं नाव सांगू नका, स्वतःचं सांगा.