गायकवाड काकांच्या गाडीचा खडखडाट

इथं परदेशात, आमच्या सेम्बावांगच्या ब्लॉकमध्ये सकाळी अलार्म लावायची कुणाला गरजच नाही. गायकवाड काका कारपार्कात गाडी सुरू करतात, की जिन्यावरून पत्रे गडगडत आल्यासारखा आवाज होतो. साळुंक्या उडतात, पोरं दचकून उठतात आणि आमचे हे झोपेतच काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

काका शिपयार्डात इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. बेल वाजवा, दार उघडत नाहीत. फोन उचलत नाहीत. "फोन म्हणजे टाइमपास! काम असेल तर समोर ये!" हेही ओरडूनच. ब्लॉकमधले म्हणतात, म्हातारा भाव खातो.

"काका, गाडीचं काहीतरी करा हो!"

"इंजिन ठणठणीत आहे, पोरी! तुमचेच कान नाजूक!"

शेवटी गाडीची सरकारी तपासणी आली. नापास झाली तर गाडी घरी बसणार, आणि गाडीशिवाय काका म्हणजे घरात कोंडलेला माणूस. मीच त्यांना ओढत वर्कशॉपमध्ये नेलं.

मेकॅनिकनं गाडी वर उचलली आणि कपाळाला हात लावला. "अंकल, हीट शील्ड लूज ऑलरेडी! इन्सुलेशन ऑल गॉन लाह!" म्हणजे सायलेन्सरची धग अडवणारा पत्रा सुटलेला, त्याच्या आतलं अस्तर गायब, आणि तो पत्रा मेला रोज नळीवर थडाथडा आपटत होता.

"राहू दे गं!" काका खेकसले.

"अजिबात नाही!"

नवा पत्रा बसला. काकांनी किल्ली फिरवली. अहाहा, काय ती शांतता! मी टाळीच वाजवणार होते, तेवढ्यात काकांनी पुन्हा किल्ली फिरवली. कर्रर्र! मेकॅनिक धावत आला.

"अहो काका, चालूच आहे ती!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "चालू आहे?" इतक्या हळू ते कधी बोलले नव्हते. "कान इंजिनरूममध्येच गेले गं माझे. तुमचं बोलणं ओठांवरून ओळखतो. हिचा खडखडाट तेवढा यायचा ऐकू. सकाळी तेवढीच सोबत."

मला भडभडून आलं. इतकी वर्षं शेजारी राहून कुणाला पत्ता नाही! खिडकीत डोकं घालून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "काका, उद्यापासून सकाळचा चहा आमच्याकडे!"

अख्खं वर्कशॉप हातातलं काम टाकून बघायला लागलं. मी मेली कशाला लाजते!

काकांनी डोळे पुसले. "ऐकू आलं," म्हणाले. "साखर कमी घाल."