खांबेट्यांच्या पोळीवरचा आनंद

आमच्या शहरात मेंदूला लागणारा आनंद नगरपालिका पुरवते, आणि अपेक्षेपेक्षा जेवढं जास्त मिळेल तेवढाच तो सुटतो. नियम मेंदूतज्ज्ञांनी घातला आहे. अपेक्षेइतकंच मिळालं तर नळ कोरडा.

याच नियमाने शेजारच्या खांबेटे वहिनींचा छळ मांडला होता. त्यांची पुरणपोळी अप्रतिम होते. पण नेहमीच होते, म्हणून अप्पा खांबेटे ती दगडी चेहऱ्याने खातात. आपल्या पोळीवर त्यांना एकदा हसलेलं बघायचं, एवढंच वहिनींचं मागणं. मी त्यांना घेऊन थेट आनंद पुरवठा अधिकाऱ्यांच्या केबिनवर धडकलो.

डॉ. निरगुडकर संत्रं सोलत होते.

"पोळी चांगली होणार हे यजमानांना ठाऊक असतं?"

"असणारच!" वहिनी म्हणाल्या.

"मग फरक शून्य. एकदा करपवा. अपेक्षा उतरली की पुढच्या पोळीला पुरवठा सुटेल."

"या हातांनी करपवू? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

मी टेबलावर हात आपटला. "चांगलं करणाऱ्याला शिक्षा? हा काय कारभार आहे?"

"तुम्ही भांडणार हे अपेक्षितच होतं," डॉक्टर फोड तोंडात टाकत म्हणाले. "म्हणून मला काहीच वाटलं नाही."

जिना उतरताना वहिनी थांबल्या. "भाऊजी, तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"चहा उतू घालतो."

"बास. रविवारच्या पोळ्या तुम्ही केल्यात."

रविवारी वहिनींनी पोळ्या केल्या आणि माझ्या कोपरापर्यंत पीठ फासलं.

"हा करणार?" अप्पा कण्हले. "घरात लोणचं तरी आहे ना?"

पहिला घास गेला आणि पुरवठा पूर्ण दाबाने आला. अप्पा हसले, कानापर्यंत हसले. "लेका, काय हात आहे तुझा! हिला शिकव जरा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून एकटक बघत होत्या.

पुढच्या रविवारी माझ्या नावाने काहीच सुटलं नाही. अपेक्षा वाढली होती. तेव्हापासून वहिनी दर रविवारी नवा स्वयंपाकी आणतात. इस्त्रीवाला झाला, मीटर बघणारा झाला, दोन नगरसेवक झाले. काल खुद्द डॉ. निरगुडकर पीठ फासून पाटावर बसले होते. हे नियमात बसतं, असं त्यांनी जेवणाआधी स्पष्ट केलं.

अप्पा त्यांच्या पोळीवरही हसले. वहिनी दारात उभ्या होत्या, लाटणं पदराआड धरून.