इंजिनात राहिलेली कपड्यांची दोरी

आमच्या ह्यांना एक वाईट खोड आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारत नाहीत, आणि स्वतःच्या कामाला हात घालण्याआधी विचार करत नाहीत. फळी ठोकली ती तीनदा, नळ बसवला तो चारदा. ह्या घरात पहिल्या दमात नीट झालेलं ह्यांचं एक काम मी चाळीस वर्षं शोधते आहे.

गेल्या आठवड्यात गाडी चढावर दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा गेल्यात, इंजिनाचं हेड खोलावं लागेल, तीन दिवस लागतील. इकडे माझी थोरली बहीण पायाला प्लास्टर घालून इस्पितळात, आणि तिला दुसऱ्या दिवशी अकराला सोडणार, ती थेट आमच्याकडे राहायला येणार. "तुला भाड्याच्या गाडीतून येऊ देणार नाही, आमची गाडी येईल," असं मी अख्ख्या वॉर्डाच्या देखत सांगून बसलेले. मी चारच यत्ता शिकले, पण दिलेला शब्द कधी परत घेतला नाही.

"हेड कशाला खोलायचं?" हे म्हणाले. "प्लगच्या भोकातून आत दोरी भरायची. पिस्टन वर आणला की ती दोरी व्हॉल्व्हला खालून उशीसारखी धरून ठेवते. मग वरची स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. संध्याकाळी गाडी तयार."

"कोणी शिकवलं?"

"मोबाइलवर बघितलं."

"मोबाइलवर लोक कड्यावरून उड्यापण मारतात."

ऐकतील तर ते हे कसले! दुपारी मी धुण्याची बादली घेऊन अंगणात आले, तर दोन खांब एकमेकांकडे बघत उभे. मधली दोरी गायब! महिन्यापूर्वी आणलेली, सुती, जाडजूड. वळून बघते तर गाडीचं बॉनेट उघडं, आणि इंजिनातून माझ्या दोरीचं शेपूट बाहेर लोंबतंय, तेलात माखलेलं.

हे जागेवर नव्हते. स्प्रिंगला अडकवायचं नखाएवढं लॉक उडून कुठेतरी पडलं होतं, म्हणून शेजाऱ्याकडे लोहचुंबक मागायला गेले होते. मी दोरी ओढली. हलेना. पाय टेकवून ओढली. हलेना. डोक्यात अशी तिडीक गेली की घरातून कात्री आणली आणि भोकाच्या तोंडाशी सरळ कापली. उरलेली धुतली, खांबांना ताणून बांधली, आणि पहिल्यांदा ह्यांचेच बनियन वाळत घातले.

हे आले, लॉक सापडलं, शेवटची स्प्रिंग बसली. मग पिस्टन खाली करून दोरी काढायला हात घातला आणि तो हात तिथेच राहिला.

"अगं, दोरीचं टोक कुठाय?"

"जिथे असायला पाहिजे तिथे. तुमच्या बनियनाखाली."

ह्यांनी अंगणाकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, आणि मटकन पायरीवर बसले. मग टॉर्च लावून आत चिमटा घातला, वाकवलेली तार घातली, माझी विणायची सुईपण घातली. ती वाकडी झाली. दोरी तळाशी वेटोळं करून बसली होती, ती काही उठली नाही.

सकाळी मेकॅनिक आला आणि त्याने हेड खोललं. जे टाळायचं होतं तेच. अकराचे साडेअकरा झाले, आणि फाटकाशी भाड्याची टॅक्सी थांबली. बहीण कुबड्या टेकत उतरली. त्याच क्षणी मेकॅनिकने इंजिनातून दोन हात काळी दोरी उपसून वर धरली.

"ही कापली कोणी हो?" त्याने विचारलं. "टोक बाहेर असतं तर हेड खोलायची पाळीच आली नसती. बाकी काम साहेबांनी झकास केलंय."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. वॉर्डातला माझा शब्द तिला पाठ होता. मी पदराशी चाळा करू लागले.

"मीच कापली," हे म्हणाले. "घाईत. ही नको नको म्हणत होती."

"भावोजी, तुम्ही म्हणजे ना," बहीण म्हणाली आणि कुबड्या वाजवत आत गेली.

मी ह्यांच्यापाशी गेले. नाकावर काळं तेल, हातात माझी वाकडी सुई.

"ऐका," मी म्हटलं. "चाळीस वर्षांत एक काम पहिल्या दमात नीट केलंत. आत्ता खोटं बोललात ते."